पेल्याखालची जागा

उन्हाळ्याची दुपार होती. मैत्रीण आली, मी तिच्यापुढे बर्फ घातलेल्या पाण्याचा काचेचा पेला ठेवला. तिने दोन घोट घेतले, पेला टेबलावर ठेवला आणि बोलायला लागली. अगदी हळू आवाजात, मध्येच थांबत, शब्द शोधत. कितीतरी महिन्यांत तिने कोणाजवळ मन मोकळं केलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी ऐकत होते. ऐकता ऐकता माझी नजर पेल्याकडे गेली. बाहेरून त्याला घाम फुटला होता, थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळत होते आणि बुडाशी पाण्याचं कडं साचत होतं. टेबलाला पॉलिश करून जेमतेम महिना झाला होता.

मी उठले. "एक मिनिट हं," म्हणाले, पेला उचलला, रुमालाने टेबल पुसलं आणि जुन्या मासिकाचं पान दुमडून पेल्याखाली सरकवलं. पुरतं मिनिटसुद्धा लागलं नसेल. परत बसून म्हटलं, "हं, बोल." ती म्हणाली, "काही नाही गं, असंच." मग आम्ही भलतंच काहीतरी बोलत बसलो. ती गेल्यावर मासिकाचं पान उचललं, तर पेल्याच्या बुडाएवढं पांढुरकं वर्तुळ टेबलावर उमटलेलं होतंच. मी उठले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पण कपाखाली, पेल्याखाली काय ठेवावं हा विषय तेव्हापासून माझ्या मनातून गेला नाही. या वस्तूला कोणी कोस्टर म्हणतं, कोणी टेबल मॅट, कोणी नुसतंच 'कपाखालचं'. तळहाताएवढी चकती. ती टेबल वाचवते हे खरंच, पण माझ्या लेखी तिचं पहिलं काम वेगळं आहे. समोरच्या माणसाला हातातला पेला कुठे ठेवू असा विचार करावा लागू नये आणि यजमानाला मध्ये तोंड घालावं लागू नये, हे ते काम. जी चकती हे करत नाही ती कितीही सुंदर असो, माझ्या टेबलावर टिकत नाही.

डाग पाहून तेव्हा मी हबकले होते. ज्यांनी पॉलिश केलं होतं त्या काकांनाच बोलावलं. त्यांनी खाली वाकून, उजेड समोर घेऊन, तिरक्या नजरेने वर्तुळ पाहिलं. त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पांढरा आहे ना ताई? मग जीवाला लावून घेऊ नका. पांढरा डाग पॉलिशमधला असतो, काळा डाग लाकडातला."

लाकडी सामानाबद्दल इतकं उपयोगी वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. माझ्या टेबलाला लाखेचं पॉलिश आहे. लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर सोडलेली राळ गोळा करतात, स्वच्छ करून तिच्या पातळ पापड्या करतात, त्या स्पिरिटमध्ये विरघळवून थरावर थर चढवतात. वाळल्यावर तो थर काचेसारखा दिसतो, पण काचेइतका पक्का नसतो. त्यावर पाणी फार वेळ बसून राहिलं की ओल थरात शिरते आणि आत अतिशय बारीक पोकळ्या तयार होतात. त्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो आणि तेवढी जागा पांढरी दिसते. धुकं पांढरं दिसतं ते याच कारणाने. खालचं लाकूड अजून जसंच्या तसं असतं.

काळ्या डागाची गोष्ट निराळी. तिथे पाणी पॉलिशच्या पार जाऊन लाकडात उतरलेलं असतं. ओकसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य भरपूर असतं. पाण्यात किंवा भांड्याच्या बुडाला लोखंडाचा अंश असला की दोघांची गाठ पडते आणि काळा रंग तयार होतो. जुन्या काळी शाई करत ती याच दोन गोष्टींची, झाडावरच्या गाठींमधलं टॅनिन आणि लोहाचा क्षार. म्हणजे काळा डाग ही एका अर्थी लाकडाने स्वतःच्या अंगात केलेली शाई. ती काढायची तर आधी पॉलिश खरवडावं लागतं, मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लावावं लागतं. ते विषारी असतं. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

काकांनी माझा डाग कसा काढला ते मी जवळ उभी राहून पाहिलं. कापसाचा बोळा जुन्या धुवट सुती फडक्यात गुंडाळला, घट्ट पिळ देऊन त्याची पुरचुंडी केली. तिच्यावर स्पिरिटचे चारदोन थेंब टाकले आणि ती स्वतःच्या मनगटामागे टेकवून पाहिली. "गार लागलं पाहिजे, ओलं नाही," म्हणाले. मग डागावरून हात असा नेला की जणू धूळ झटकतायत. एका बाजूने आला, दुसऱ्या बाजूने उचलला गेला, मध्ये कुठे थांबला नाही. थांबला असता तर स्पिरिटने पॉलिशच धरून उचललं असतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते ना, म्हणून वरचा अगदी बारीक थर क्षणभर सैल होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि थर पुन्हा बसतो. पाचव्या की सहाव्या हातापर्यंत वर्तुळाची एक बाजू नाहीशी झाली होती.

ज्यांना असा हात नाही, म्हणजे आपल्यातले बहुतेक, त्यांनी स्पिरिटच्या वाटेला जाऊ नये. डाग ताजा असेल तर एकदोन दिवस काही न करता वाट पाहावी, ओल पुष्कळदा आपली आपण निघून जाते. मग पेट्रोलियम जेली चोळून रात्रभर राहू द्यावी, सकाळी पुसावी. किंवा केस वाळवायचं यंत्र सगळ्यांत कमी उष्णतेवर ठेवून, लांबून, हलवत हलवत फिरवावं. उष्णता बेताचीच हवी, कारण लाख साधारण सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. नुकताच ओतलेला चहा याच्या जवळपासच असतो. त्यामुळे थंड पेला तासाभरात जे करतो ते गरम कप काही मिनिटांत करू शकतो.

पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा लेप असलेल्या टेबलांवर अशी वर्तुळं सहसा उमटत नाहीत, आणि म्हणून त्यांचे मालक निर्धास्त असतात. पण पाणी कडेला, जोडाशी, पट्टीच्या फटीत शिरलं आणि खाली दाबलेल्या भुश्शाचा बोर्ड असला की तो फुगतो. फुगलेला बोर्ड पुन्हा खाली बसत नाही. त्याला कोणते काका नाहीत.

पेल्याला घाम फुटतो म्हणतात, पण पाणी पेल्यातून झिरपत नाही, ते हवेतून येतं. हवा थंड पृष्ठभागाला टेकली की तिला आपल्यातली सगळी वाफ धरून ठेवता येत नाही. ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर साधारण २४ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव जमतं. बर्फाच्या पाण्याचा पेला तर शून्याच्या जवळ असतो. आणि यात आणखी एक गंमत आहे. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि ती थेट पेल्यात जाते. वॉशिंग्टन विद्यापीठातले डेल डुरान आणि डार्गन फ्रायर्सन या हवामानशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये याचा हिशेब मांडला. पेयाच्या डब्याभोवती मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढा पाण्याचा थर जमला, तर तेवढ्याने आतलं पेय सुमारे ५ अंशांनी तापतं. आपण ज्या थेंबांकडे टेबलाचे शत्रू म्हणून पाहतो ते आपल्या थंड पाण्याचेही शत्रूच असतात.

आणि डाग गोलच का पडतो? पेल्याचं बूड मधून किंचित खोलगट असतं, तो फक्त कडेवर टेकतो. ओघळलेलं पाणी त्या कडेखालच्या फटीत धरून राहतं. उघड्यावरचं पाणी उडून जातं, पण पेल्याच्या वजनाखाली अडकलेल्याला वाट नसते. डाग पडायला पाणी फार लागत नाही, वेळ लागतो. गप्पा जितक्या रंगतात तितका डाग पक्का. त्या दुपारनंतर हे कळलं तेव्हा मला फार लागलं, कारण याचा सरळ अर्थ असा की ज्या भेटी सगळ्यांत मोलाच्या त्यांचाच टेबलाला जास्त धोका, आणि त्याच वेळी मध्ये उठणं सगळ्यांत वाईट.

मग मी चकत्या आणायला सुरुवात केली.

पहिल्या आणल्या त्या गुळगुळीत होत्या, वर छापलेलं चित्र, चित्रावर चकचकीत प्लास्टिकचा थर. दिसायला देखण्या. पण त्यांच्यावरचं पाणी जागच्या जागी साचायचं आणि पेला उचलला की चकती त्याच्याबरोबर वर यायची. पेल्याची कड आणि चकती यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा तयार होतो, आत हवा शिरत नाही, आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. तोंडापर्यंत पेला गेला की चकती सुटते आणि खाली आपटते. बोलणारा दचकतो, सगळे तिकडे बघतात. म्हणजे जे टाळायचं तेच. चिमूटभर मीठ भुरभुरलं तर चिकटणं थांबतं, हा जुना उपाय खरा आहे. पण पाहुण्यांसमोर चकत्यांवर मीठ पेरत बसणं मला पटलं नाही.

दगडी पाटीच्या चकत्यांनी दुसराच धडा दिला. वजनदार, काळ्याभोर, हलत नाहीत, चिकटत नाहीत. पण काचेचा पेला ठेवला की टण्ण. दर घोटाला टण्ण. शिवाय पाटी पाणी पीत नाही, त्यामुळे पेल्याचं बूड ओलंच राहतं आणि उचलल्यावर थेंब मांडीवर. संगमरवराच्या चकतीला लिंबाचा रस लागला तर तिची स्वतःचीच झिलई जाते. जपायला आणलेली वस्तूच जपत बसावी लागते.

सगळ्यांत जास्त वाईट वाटलं ते पलंगाशेजारच्या छोट्या टेबलाचं. त्यावर मी रबरासारख्या मऊ प्लास्टिकची एक चौकोनी मॅट महिनोन्‌महिने ठेवली होती, रात्री पाण्याचा तांब्या असतो म्हणून. एक दिवस झाडपूस करताना ती उचलली तर उचलेना. जोर लावला तेव्हा चर्र आवाज करत निघाली आणि खाली तिचा अख्खा ठसा, चारी कोपऱ्यांसकट, चिकट आणि निस्तेज. पाण्याचा एक थेंबही तिथे सांडलेला नव्हता. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात ते हळूहळू बाहेर येतं आणि लाकडावरच्या चकचकीत लेपात उतरून त्यालाही मऊ करतं. पुष्कळ मॅटच्या खाली, त्या घसरू नयेत म्हणून, मऊ प्लास्टिकच्या किंवा रबराच्या टिकल्या असतात, त्यांचंही असंच. तेव्हापासून कोणी नवीन मॅट दाखवली की मी आधी ती उलटी करते. वरून काय आहे ते नंतर. टेबलाला जी बाजू लागते ती नमदा, बूच किंवा सूत यांपैकी काही असेल तरच पुढे बघायचं.

आणि तशी असली तरी एका जागी कायम ठेवायची नाही. उजेडाने लाकडाचा रंग बदलत जातो, काही लाकडं गडद होतात, काही फिकी पडतात. झाकलेल्या जागेला तो उजेड लागत नाही. वर्षभराने मॅट हलवली की तिच्या आकाराचा तुकडा वेगळ्या रंगाचा दिसतो. म्हणजे जपलेली जागाही डागासारखीच दिसायला लागते. मी दर आठवड्याला चकत्यांची जागा थोडी थोडी बदलते.

मध्यंतरी पाणी शोषणाऱ्या, करड्या, भाजलेल्या मातीसारख्या दिसणाऱ्या चकत्याही वापरून पाहिल्या. डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची माती असते, तिच्यात असंख्य छिद्रं असतात. थेंब पडला की डोळ्यांदेखत नाहीसा होतो. शोषण्यात तिला तोड नाही, पण हातातून पडली की दोन तुकडे. जपानमध्ये २०२० साली अशा काही वस्तूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, सापडल्यामुळे त्या बाजारातून परत मागवाव्या लागल्या होत्या. म्हणून कुठून आली हे ठाऊक नसलेली चकती घासून, पॉलिशपेपर मारून नवी करण्याच्या फंदात पडू नये.

या सगळ्या खटाटोपात मी या वस्तूचा इतिहास वाचला आणि मला आश्चर्याचा धक्का बसला. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात श्रीमंतांकडे जेवण झालं की टेबलावरचं कापड काढून घेत, नोकरांना बाहेर पाठवत आणि मद्याची सुरई पाहुणे आपली आपणच एकमेकांकडे सरकवत. नुसती सरकवली तर लाकडावर चरे पडणार आणि ओघळाचा डाग पडणार. म्हणून तिला एक बैठक केली. भोवती चांदीचं कोरीव कडं, तळ लाकडाचा आणि त्याखाली मऊ लोकरी कापड. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या जहाजासारखी ती टेबलाभोवती फिरे. कोस्टर हे नाव तिथलं. नोकर बाहेर का, तर आतलं बोलणं मोकळेपणाने व्हावं म्हणून. मला वाटलं होतं की बोलण्याचा आणि चकतीचा संबंध माझ्या त्या एका दुपारपुरता आहे. तो या वस्तूच्या जन्मातच होता.

स्वस्त, टाकाऊ चकती आली ती जर्मनीतून. तिथे बिअरच्या पेल्याखाली जे ठेवतात त्याला 'बिअरडेकेल' म्हणतात, शब्दशः बिअरचं झाकण. बागेत बसून पिताना पाला आणि किडे पडू नयेत म्हणून पेल्यावर जे घालत ते पुढे पेल्याखाली आलं. आधी नमद्याच्या चकत्या असत, त्या वाळवून पुन्हा पुन्हा वापरत, त्यामुळे अस्वच्छ. ड्रेस्डेनच्या रॉबर्ट श्पूटने १८९२ मध्ये लाकडाच्या लगद्याची चकती करायची पद्धत पेटंट केली. व्यास १०७ मिलीमीटर, जाडी ५ मिलीमीटर. जाडी पुढे कमी झाली, व्यास मात्र आजही बहुतेक ठिकाणी तोच आहे. किती पेले झाले याच्या रेघाही वाढपी त्याच चकतीच्या कडेला पेन्सिलने मारतो. २००३ मध्ये फ्रीडरिश मेर्त्स या जर्मन राजकारण्याने आयकराचं विवरणपत्र बिअरच्या चकतीवर मावेल इतकं सोपं असावं असं म्हटलं होतं, ते तिथल्या लोकांना लगेच समजलं.

१०७ मिलीमीटर हा आकडा मी पट्टीने मोजून समजून घेतला. पेल्याचं बूड साधारण साडेसहा-सात सेंटीमीटर. मध्ये ठेवला तर चारी बाजूंनी सुमारे दोन सेंटीमीटरची कड उरते. हाताने न बघता ठेवलेला पेला चुकून इकडेतिकडे झाला तरी चकतीवरच राहतो. बरोबर पेल्याएवढी चकती म्हणजे नेम धरून ठेवावा लागणारा पेला. आणि यातून नक्षीचंही उत्तर मिळतं. मधोमध काढलेलं सुरेख फूल पेल्याखाली झाकून जाणार, दिसणार ती कड. म्हणून नक्षी कडेला हवी. कितीतरी महागड्या चकत्या करणाऱ्यांना ही साधी गोष्ट सुचलेली नसते.

माझ्या मावशीला ती कोणी न सांगता ठाऊक होती.

मावशी क्रोशाचं काम करते. पांढऱ्या सुती दोऱ्याच्या सहा चकत्या तिने मला करून दिल्या. मधला भाग घट्ट आणि साधा, कडेला जाळी आणि कंगोरे. हातात घेतल्यावर वाटलं, यांवर चहाचा कप ठेवायचा? मी त्या पातळ कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. वर्षभराने ती राहायला आली, टेबलावर बघितलं, मग कपाट उघडलं. कागद तसाच.

"आवडल्या नाहीत का गं?"

"आवडल्या म्हणून तर जपून ठेवल्यात, मावशी."

ती काही वेळ बोलली नाही. एक चकती काढून टेबलावर अंथरली, स्वतःचा चहाचा कप तिच्यावर ठेवला. थोडा चहा कडेला सांडला होता, तो दोऱ्यात पसरत गेला, तपकिरी. "डाग पडायलाच केल्यात त्या," ती म्हणाली. "धुतल्या की डाग जातात. नाही गेले तर मी दुसऱ्या करीन."

मी तेव्हा दिलगिरीसुद्धा नीट व्यक्त केली नाही. पण त्या दिवसापासून त्या सहाही चकत्या टेबलावर आहेत.

दुपारी ती विणत बसली की मी शेजारी बसायचे. मधल्या कड्यात १२ खांब, म्हणजे उभे लांब टाके. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४. त्यापुढे ३६, मग ४८. दर फेरीला बाराच वाढवायचे. मी विचारलं, बाराच का? ती म्हणाली, "नाहीतर सपाट होत नाही. कमी घेतले तर वाटी होते, जास्त घेतले तर झालर." हे उत्तर तिने हातांनी शोधलेलं. त्यामागचं गणित मी नंतर कागदावर मांडलं. फेरी एका खांबाच्या उंचीने बाहेर सरकली की परीघ त्या उंचीच्या दोन पाय (२π) पट वाढतो, म्हणजे सव्वासहा पट. खांब आपल्या रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असतो. सव्वासहा दुणे साडेबारा. म्हणून बारा. आणि ती झालर म्हणते तोही भूमितीचा एक खरा आकार आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या डाइना टाइमिना यांनी १९९७ मध्ये मुद्दाम जास्त टाके वाढवत नेले आणि हायपरबोलिक प्रतलाचा, म्हणजे सगळीकडे झालरीसारखं वळत जाणाऱ्या पृष्ठभागाचा, हातात धरता येईल असा नमुना क्रोशाने विणला. मावशीला मी हे सांगितलं. तिने ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "दोरा कुठला घेतला होता त्यांनी?"

सुती दोरा पाणी पितो, आवाज करत नाही, पेल्याला चिकटत नाही, टेबलाला चरे पाडत नाही. एकच उणीव, पिऊन झालं की ते पाणी तो खाली लाकडाला देतो. गरम भांड्याखाली ओलं फडकं ठेवण्यासारखी वाईट गोष्ट नाही ती याचसाठी, ओल आणि उष्णता दोन्ही एकदम पोचतात. म्हणून चकतीखाली मी बुचाची पातळ तबकडी ठेवते. बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा काढतात, मग दर नऊ वर्षांनी, झाड न तोडता. बाटल्यांची बुचं कापून उरलेल्या सालीचा चुरा दाबून तबकड्या होतात. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यातल्या बंद कप्प्यांना 'सेल' म्हटलं, आणि जीवशास्त्रातली पेशी या शब्दाची सुरुवात तिथे झाली. ते कप्पे हवेने भरलेले आणि मेणचट भिंतींचे, म्हणून बूच उष्णता अडवतं आणि पाणी सहजी पलीकडे जाऊ देत नाही. वर सूत, खाली बूच. इतक्या वर्षांत याहून चांगली जोडी मला सापडली नाही.

चकत्या धुतल्यावर ओल्या असतानाच हाताने गोल ताणून, टाचण्या लावून सपाट वाळवाव्या लागतात. दोरीवर वाळत घातल्या की आकार जातो. आणि त्या टेबलावर आधीच पसरलेल्या असल्या पाहिजेत, प्रत्येक खुर्चीपुढे एक. सुबक डब्यात एकावर एक रचून ठेवलेल्या चकत्या पाहिल्या की मला वाईट वाटतं, कारण त्या मागाव्या लागतात किंवा द्याव्या लागतात.

मावशीला आता नीट दिसत नाही. टाके ती बोटांच्या पेरांनी मोजते. तिने अलीकडे पाठवलेल्या चकत्यांमध्ये एक वेगळी निघाली. तिसऱ्या फेरीत वाढवायचे खांब राहून गेलेत, चोविसाचे चोवीसच. त्यामुळे ती सपाट बसत नाही, काठ बशीसारखा वर उचललेला. मी ती बाकीच्यांबरोबरच मांडते.

गेल्या महिन्यात तीच मैत्रीण आली होती. मधल्या वर्षांत आम्ही भेटत होतो, बोलतही होतो, पण त्या दुपारचा विषय पुन्हा कधी निघाला नव्हता. ती खुर्चीत बसली, बर्फाच्या पाण्याचे दोन घोट घेतले आणि न बघताच पेला खाली ठेवला. तो त्या उचललेल्या काठाच्या चकतीत बसला. वजनाने काठ खाली दबला. "तुला एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली.

बर्फ विरघळला. पेल्यावरून थेंब ओघळत राहिले, चकती भिजून जड झाली. बाहेर अंधार पडला तरी ती बोलत होती, आणि मी दिवा लावायलाही उठले नाही.